बल, वीर्य आणि स्त्रीदेह : पालि वाङ्मयातील एक विवेक

स्त्रीला उद्देशून ‘अबला’ हा शब्द संस्कृत काव्यात आणि त्यामागोमाग मराठीत इतका रुळला आहे, की त्यात एक नव्हे तर दोन विधाने दडलेली आहेत याचे भान सहसा राहत नाही. स्त्रीचे शरीरबळ पुरुषाच्या मानाने कमी असते, हे पहिले विधान. म्हणून तिची एकंदर योग्यताच कमी, हे दुसरे. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान. परंतु शब्द एकच असल्यामुळे निरीक्षण मान्य करणाऱ्याच्या पदरात अनुमानही आपोआप पडते. पालि वाङ्मयात या दोहोंमध्ये अंतर राखण्याचा एक दीर्घ प्रयत्न दिसतो. तो प्रत्येक ठिकाणी यशस्वी झाला आहे असे म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न कोठे टिकला आणि कोठे ढासळला याचा शोध घ्यावयाचा आहे. महायान सूत्रांतील नागकन्येची किंवा विमलकीर्तीच्या घरातील देवतेची कथा प्रसिद्धच आहे. परंतु तेथे प्रश्न देह बदलण्याचा आहे, देहाच्या बळाचा नव्हे, म्हणून ती चर्चा येथे बाजूला ठेवली आहे.

प्रथम ‘बल’ हा शब्द घेऊ. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात आठ प्रकारच्या बळांची एक यादी आहे. लहान मुलांचे बळ रडणे, स्त्रियांचे क्रोध, चोरांचे शस्त्र, राजांचे ऐश्वर्य म्हणजे सत्ता, मूर्खांचे कुरकुर करणे, शहाण्यांचे समजून घेणे, बहुश्रुतांचे विचार करणे आणि श्रमणब्राह्मणांचे क्षमा. स्त्रियांच्या वाट्याला क्रोध आला हे आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावेही. परंतु या यादीत स्नायूंचे बळ कोणाच्याच नावावर नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. चोराचेसुद्धा बळ त्याच्या दंडात नसून हातातल्या हत्यारात आहे. ज्याच्या आधारे माणूस आपले म्हणणे तडीस नेतो ते त्याचे बळ, असा येथे ‘बल’ शब्दाचा अर्थ आहे. मूल रडून आपले साधते. स्त्रीला रागावण्याखेरीज दुसरे साधन हाती ठेवलेले नाही, असेही या यादीचे वाचन करता येते.

हे वाचन ओढून ताणून केलेले नाही, हे संयुत्तनिकायातील मातुगामसंयुत्तावरून दिसते. तेथे स्त्रीची पाच बळे सांगितली आहेत : रूप, संपत्ती, नातलग, पुत्र आणि शील. आणि पुरुष ज्या बळावर स्त्रीला नमवतो ते बळ एकच सांगितले आहे : ‘इस्सरियबल’, ऐश्वर्यबल. ज्या स्त्रीवर हे बळ चालले, तिला तिच्या पाचांपैकी एकही बळ वाचवू शकत नाही, असा त्या सुत्ताचा आशय आहे. आठ बळांच्या यादीत हाच शब्द राजाला लावलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सुत्तकाराची दृष्टी किती नेमकी होती हे कळते. पुरुषाचे बळ ‘कायबल’ आहे असे तो म्हणत नाही. नवरा बायकोला नमवतो तो अंगाने धिप्पाड असतो म्हणून नव्हे. राजा प्रजेला नमवतो त्याच कारणाने, म्हणजे सत्ता त्याच्याकडे असते म्हणून. किरकोळ अंगाचा पुरुषही घरात राजा असतो. याच संयुत्तात स्त्रीच्या वाट्याला विशेषकरून येणारी पाच दुःखे मोजलेली आहेत : कोवळ्या वयात माहेर सोडून सासरी जाणे, ऋतुप्राप्ती, गर्भधारणा, प्रसूती आणि पुरुषाची सेवा. पहिले व शेवटचे दुःख समाजाने लादलेले. मधली तीन देहाची. सुत्तकाराने ती एकाच माळेत ओवली, परंतु एकाचे खापर दुसऱ्यावर फोडले नाही. प्रसूती आहे म्हणून सेवा केली पाहिजे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

आता ‘वीर्य’ या शब्दाकडे वळू. मराठी अनुवादकाची खरी अडचण या शब्दाने होते. मराठीत त्याचा अर्थ आकुंचित होत होत एकीकडे ‘शौर्य-वीर्य’ अशा जोडशब्दापुरता आणि दुसरीकडे पुरुषदेहातील रेतापुरता उरला आहे. दोन्ही अर्थ पुरुषाकडेच बोट दाखवतात. त्यामुळे ‘आरद्धविरिय’ या पालि विशेषणासाठी उत्साही, उद्योगी, प्रयत्नशील असे सौम्य पर्याय वापरावे लागतात आणि मुळातली धार जाते. ही पुरुषवाचकता केवळ मराठीने चिकटवलेली नाही. बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात ‘वीराचा भाव ते वीर्य’ अशीच व्युत्पत्ती दिली आहे. आणि कातडी, स्नायू व हाडे एवढीच उरली तरी बेहत्तर, पण उद्योग सोडणार नाही, या निश्चयाच्या प्रसिद्ध वचनात ‘पुरिसथाम’, ‘पुरिसविरिय’, ‘पुरिसपरक्कम’ असे तीन सामासिक शब्द एकापाठोपाठ येतात. म्हणजे साधनेच्या शब्दकोशातच पुरुष ठाण मांडून बसलेला आहे. असे असता हे वीर्य स्त्रियांच्या बाबतीत कसे वापरले गेले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अंगुत्तरनिकायाच्या एककनिपातात ‘एतदग्ग’ म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. कोणत्या गुणात कोण अग्रगण्य याची ती नोंदवही होय. आरब्धवीर्य भिक्षूंमध्ये अग्र म्हणून तेथे सोण कोळिविस याचे नाव येते, आणि आरब्धवीर्य भिक्षुणींमध्ये अग्र म्हणून सोणेचे. नावे एक, गुण एक. योगायोग असेल, पण दोघांच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे वीर्य या शब्दाची सगळी उकल होते.

सोण कोळिविस हा चंपानगरीचा श्रेष्ठिपुत्र. इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. ते पाय पाहण्यासाठी बिंबिसार राजाने त्याला मुद्दाम बोलावून घेतल्याचे विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे. प्रव्रज्या घेतल्यावर तो चंक्रमण करू लागला, म्हणजे येरझारा घालीत ध्यान करू लागला, आणि त्याचे पाय फुटून ती वाट एखाद्या खाटिकखान्यासारखी रक्ताने भरली. एवढे करूनही फळ दिसेना तेव्हा घरी परत जाण्याचा विचार त्याच्या मनात आला. येथे तो प्रसिद्ध वीणेचा दृष्टांत येतो. तारा फार ताणल्या तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरीही वाजत नाही. पुढे त्याच्या निमित्ताने भिक्षूंना एकेरी तळाची पायताणे वापरण्याची अनुज्ञा मिळाली. देहाचे बळ खर्ची घालणे म्हणजे वीर्य नव्हे, हा धडा बौद्ध परंपरेत प्रथम एका पुरुषाला, तोही पाय रक्तबंबाळ झाल्यावर, शिकावा लागला.

सोणा श्रावस्तीची. थेरीगाथेत ती आपण दहा मुलांना जन्म दिल्याचे आणि त्यानंतर दुर्बळ व जीर्ण झालेल्या अवस्थेत एका भिक्षुणीकडे गेल्याचे सांगते. अट्ठकथेत ती ‘बहुपुत्तिका’ म्हणून येते : मुलांना सगळे वाटून दिल्यावर त्यांच्या घरी तिला मान उरला नाही, आणि ती संघात आली. वय झालेले, दृष्टी मंदावलेली. रात्री चंक्रमण करायचे तर अंधारात डोके कोठे आपटेल याची भीती. म्हणून ती खालच्या ओसरीवरील खांब एका हाताने धरून, तो न सोडता, त्याच्याभोवती फिरत साधना करी. इतर भिक्षुणी तिच्यावर पाणी तापवण्यासारखी कामे टाकून निघून जात. या स्त्रीला आरब्धवीर्यांमध्ये अग्रस्थान देण्यात आले, तरुण व धडधाकट भिक्षुणींपैकी एकीलाही नव्हे.

दोघेही फिरत होते. एकाची वाट सरळ आणि रक्ताळलेली, दुसरीची खांबाभोवती गोल. तरुणाला तारा सैल करण्यास सांगावे लागले. म्हातारीला तसे कोणी सांगितल्याचे आढळत नाही. दहा बाळंतपणे झालेल्या देहाला आपले बळ किती हे ठाऊक असते, एवढेच त्याचे कारण असेल.

खांबाचा हा तपशील अपघाती वाटत असेल तर थेरीगाथेतील आणखी दोन स्त्रिया पाहाव्यात. धम्मा ही भिक्षेहून परतत असता काठीवर टेकत चालते, अंग थरथरते, ती जमिनीवर कोसळते; आणि पडल्या जागीच तिचे चित्त मुक्त होते. चित्ता कृश, आजारी आणि अत्यंत दुर्बळ असूनही काठी टेकत डोंगर चढते, वर गेल्यावर पात्र पालथे घालते आणि खडकाशी अंग टेकते. मेत्तिकेची गाथाही याच वळणाची. डोंगर चढण्याचे चित्र थेरगाथेतही आहे. जेथे इतर दमतात तेथे वृद्ध महाकाश्यप ऋद्धिबळाच्या आधाराने चढून जातो, असे त्याच्या गाथांत म्हटले आहे. स्थविर ऋद्धीच्या आधाराने चढतो, स्थविरा काठीच्या. हा भेद ध्यानात राहण्याजोगा आहे, परंतु त्याहून लक्षणीय आहे ते साम्य : दोघांनाही आधार लागतोच. महाकाश्यपाच्या गाथेतील ‘उपत्थद्ध’ या शब्दाचा अर्थच ‘टेकू दिलेला’. आणि मिलिंदपञ्हात नागसेनाने वीर्याचे लक्षण सांगताना याच धातूपासून झालेला ‘उपत्थम्भन’ हा शब्द योजला आहे. पडू पाहणाऱ्या घराला माणूस लाकडाचा टेकू देतो, तसे वीर्य कुशल धर्मांना उभे धरते, असा त्याचा दृष्टांत आहे. वीराच्या छातीपासून निघालेला शब्द अशा रीतीने ओसरीच्या खांबापाशी येऊन पोचतो. मराठीत पडवीच्या भिंतीला किंवा वेलीला ‘धिरा’ देतात आणि खचलेल्या माणसाला ‘धीर’ देतात. वीर्याचे मराठी भाषांतर करताना ‘पराक्रमा’ऐवजी या कुळातल्या शब्दांकडे अनुवादकांनी वळायला हरकत नव्हती.

थेरींना त्यांच्या देहावरून डिवचण्याचे काम या वाङ्मयात बहुधा माराकडे दिलेले आहे, हेही अर्थपूर्ण आहे. भिक्खुनीसंयुत्तात मार सोमेला सांगतो की, ऋषींनाही दुर्लभ असे स्थान दोन बोटांची प्रज्ञा असलेल्या स्त्रीला मिळणे शक्य नाही. सोमेच्या उत्तराचा आशय असा : चित्त स्थिर झालेले असताना स्त्रीपणाने काय बिघडते? मी स्त्री आहे, मी पुरुष आहे असे ज्याला वाटत असेल त्याच्याशी माराने बोलावे. या ‘दोन बोटां’चा अर्थ सांगताना अट्ठकथाकारांची थोडी तारांबळ उडालेली दिसते. एक स्पष्टीकरण सूतकताईचे आहे : दोन बोटांत कापसाचा पेळू धरून सूत काढणारी, म्हणून. दुसरे स्वयंपाकघरातले : लहानपणापासून भात रांधूनही तो शिजला की नाही हे नुसते पाहून तिला कळत नाही, शीत काढून दोन बोटांनी चेपावे लागते. मराठी वाचकाला या दुसऱ्या स्पष्टीकरणाची गंमत वाटेल. ज्या कृतीवर अट्ठकथाकार हसतो, त्याच कृतीवरून आपल्याकडे ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण शहाणपणाची खूण म्हणून रूढ झाली. भात न चेपता केवळ पाहून ओळखणारा पुरुष अट्ठकथाकाराने कोठे पाहिला होता, कोण जाणे.

येथवर साधनेचा विचार झाला. पण साधना करणारा देह रानात, रस्त्यावर, नदीकाठी वावरत असतो, आणि तेथे बळाचा प्रश्न मिटत नाही. विनयपिटकाला तो टाळता येत नव्हता. भिक्षुणी अरण्यात राहत असता त्यांच्यावर अत्याचार झाले, म्हणून भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम करण्यात आल्याचे चुल्लवग्गात नमूद आहे. भिक्षुणी-प्रातिमोक्षात एकटीने दुसऱ्या गावी जाणे, एकटीने नदी ओलांडणे, रात्री एकटीने राहणे आणि वाटेत समुदायापासून मागे पडणे हे संघादिसेस, म्हणजे पाराजिकाच्या खालोखाल गंभीर, दोष मानले आहेत. संरक्षणासाठी केलेला नियम पाळणाऱ्यावरच बंधन घालतो, ही जुनी विसंगती येथेही आहेच. परंतु तिच्याबरोबर दुसरी बाजूही वाचली पाहिजे. उत्पलवर्णेवर एका माणवकाने बलात्कार केला. तो प्रसंग पाराजिककांडात आला आहे, आणि त्यावरील निर्णय असा की, जिची संमती नव्हती तिला दोष नाही. देह बळाने जिंकला गेला म्हणून शील जिंकले गेले असे होत नाही. शीलभ्रष्टतेची जबाबदारी संमतीवर टाकणारा हा निर्णय त्या प्राचीन काळातला आहे हे लक्षात घेता, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. आणि हीच उत्पलवर्णा भिक्खुनीसंयुत्तात माराला सांगते की, तुझ्यासारखे लाखभर धूर्त आले तरी माझा रोमही हलणार नाही. दोन्ही कथा एका स्त्रीच्या आहेत. तिचे शरीर असुरक्षित होते हे विनयाने मान्य केले, आणि ती दुर्बळ होती हे सुत्ताने अमान्य केले.

हा विवेक ढासळतो तो चुल्लवग्गातील भिक्षुणीसंघाच्या स्थापनेच्या कथेत. महाप्रजापती गौतमी कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत चालत आली. पाय सुजलेले, अंग धुळीने भरलेले अशी ती दाराबाहेर उभी राहिली. आनंदाने बुद्धाला विचारले, स्त्रियांना स्रोतापत्तीपासून अर्हत्पदापर्यंतची फळे मिळू शकतात की नाही? उत्तर निःसंदिग्ध होते : मिळू शकतात. परंतु प्रवेशाबरोबर आठ गुरुधर्म आले, आणि त्यांच्यामागून एक भविष्यवाणी : सद्धर्म हजार वर्षे टिकला असता, तो आता पाचशेच वर्षे टिकेल. या भविष्यवाणीला जोडलेल्या उपमांमध्ये पहिली अशी की, ज्या कुळात स्त्रिया पुष्कळ आणि पुरुष थोडे, ते चोरांना सहज लुटता येते. भाताच्या व उसाच्या शेतावर पडणाऱ्या रोगांच्या उपमा पुढे येतात. पण चोरांची उपमा नेमकी शरीरबळाची आहे. एका घरावर दरोडा पडण्याच्या अनुभवातून एका धर्माच्या आयुष्याविषयी अनुमान काढले गेले. ज्या संघाचे बळ श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या पाच बळांत आहे असे सांगितले जाते, त्याला दरवाजावर उभ्या राहणाऱ्या पुरुषांची गरज का भासावी? उपमा आणि सिद्धान्त यांचा येथे सांधा जुळत नाही.

हा सांधा जुळत नाही हे ज्यांनी मराठीत प्रथम ठामपणे मांडले त्यांत धर्मानंद कोसंबी यांचे नाव घ्यावे लागते. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी गुरुधर्मांच्या कथेच्या प्राचीनतेविषयी शंका घेतली आहे; विनयाचा नियम प्रसंग घडल्यावर केला जातो, येथे मात्र नियम आधीच आले, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली ‘महाबोधी’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर इंग्रजीत लिहिलेल्या निबंधात महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांना टाळण्याविषयीचा आनंद-बुद्ध संवाद प्रक्षिप्त मानला आणि परिव्रज्येमुळे स्त्रीला ज्ञानाचा अधिकार मिळाला या मुद्द्यावर भर दिला. दोघांच्या पद्धती भिन्न आहेत. कोसंबी विनयाच्या अंतर्गत रचनेवरून तर्क करतात, आंबेडकर सामाजिक परिणामांवरून. प्रक्षेपाचा निर्णय प्रत्येक ठिकाणी सारख्या खात्रीने करता येतो असे वाटत नाही. परंतु एकाच पिटकात दोन आवाज आहेत हे त्या दोघांनी वाचकाला दाखवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

अट्ठकथांच्या काळात तो दुसरा आवाज चढत गेलेला दिसतो. तथागताची दहा बळे सुत्तात सांगितली आहेत ती सर्व ज्ञानाची बळे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या परंपरेने त्यांच्या जोडीला कायबल आणून बसवले आणि त्याचे मोजमापही दिले. दहा पुरुषांचे बळ म्हणजे एका काळावक हत्तीचे, दहा काळावकांचे म्हणजे एका गंगेय्याचे, असे चढत चढत दहा छद्दंत हत्तींएवढे तथागताचे बळ. या हिशेबाचे मूळ एकक ‘पुरुष’ आहे हे सांगणे नलगे. याउलट महापरिनिब्बान सुत्तातील ऐंशी वर्षांचे बुद्ध स्वतःच्या देहाला पट्ट्यांनी बांधून कसेबसे चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात. ही उपमा सोणेच्या खांबाच्या आणि चित्तेच्या काठीच्या शेजारची आहे. हत्तींच्या कळपाशी तिचे काही नाते नाही.

अभिधर्मात स्त्रीत्व आणि पुरुषत्व ही दोन्ही ‘इंद्रिये’ म्हणून रूपांत, म्हणजे भौतिक धर्मांत, मोजली आहेत. धम्मसंगणीत त्यांची व्याख्या आकार, खुणा, चालचलन व ढब यांवरून केली आहे आणि त्यात उच्चनीच भाव नाही. अट्ठसालिनीने त्यात तो घातला. पुरुषलिंग उत्तम, स्त्रीलिंग हीन. पुरुषलिंग नाहीसे होते ते बलवान अकुशल कर्माने आणि स्त्रीलिंग येते ते दुर्बळ कुशलाने. उलट पुरुषलिंग मिळते ते बलवान कुशलाने. ‘बलवान’ आणि ‘दुर्बळ’ हे शब्द येथे देहावरून उठून कर्मावर जाऊन बसले. ‘अबला’ शब्दातील दुसऱ्या विधानाला तात्त्विक बैठक मिळाली ती अशी. आणि गंमत म्हणजे ज्या प्रसंगासाठी ही चर्चा निघाली, भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले तर काय, त्या प्रसंगी विनयाचा मूळ निर्णय अगदी साधा आहे : तीच उपसंपदा, तीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्षुणींमध्ये जावे. पुन्हा दीक्षा नाही, प्रायश्चित्त नाही, कारणांची चौकशी नाही.

थेरवादातील भिक्षुणीपरंपरा श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली. 1996 साली सारनाथला, 1998 साली बोधगयेला आणि त्यानंतर श्रीलंकेत ती पुन्हा सुरू करण्यात आली. तिच्या वैधतेबद्दल थेरवादी देशांत अजून एकमत नाही. तिबेटी परंपरेत 2022 साली भूतानमध्ये 144 स्त्रियांना पूर्ण उपसंपदा देण्यात आली. या वादात आज शरीरबळाचा उल्लेख फारसा होत नाही. वाद आहे तो उभयसंघाच्या विधीचा आणि परंपरेच्या अखंडतेचा. मात्र पुनरुज्जीवित थेरवादी भिक्षुणी उपोसथाच्या दिवशी ज्या प्रातिमोक्षाचे पठण करतात, त्यात एकटीने नदी ओलांडू नये हा नियम आजही जसाच्या तसा आहे, आणि पूल झालेल्या नदीला तो लागू करावा की नाही हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागते.